'हे कोणाला कळणार?' : गोपनीयता-सूचनांचे एक वाचन

गेल्या वर्षी पावसाळ्यात आत्या आमच्याकडे पुण्याला आली होती. वय त्र्याहत्तर, मधुमेह जुना, आणि गुडघ्याच्या शस्त्रक्रियेचे घाटत होते. एका रुग्णालयाच्या संकेतस्थळावर आधी नाव नोंदवायचे होते. मी संगणकासमोर, ती शेजारच्या खुर्चीवर. नाव, पत्ता, रक्तगट, चालू औषधे इथपर्यंत ठीक चालले. मग प्रश्न आला : मानसिक आजारासाठी कधी उपचार घेतले आहेत का? खाली 'होय' आणि 'नाही' अशा दोन चौकटी.

आतोबा गेल्यानंतर आत्याने दीड वर्ष उपचार घेतले होते. रात्रीची एक गोळी अजून चालू आहे. घरात हे आम्हा तिघाचौघांनाच ठाऊक. चालू औषधांच्या यादीत तिने ती गोळी सांगितलीच नव्हती, हे माझ्या तेव्हा लक्षात आले. (आत्याला विचारून हे लिहितो आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

"हे कोणाला कळणार रे?" तिने विचारले.

"ते खाली लिहिलेलं असतं."

"मग वाच की."

मी खालच्या बारीक अक्षरांवर टिचकी मारली. लांबलचक इंग्रजी मजकूर उघडला. मी जमेल तसे मराठी करून वाचू लागलो. आम्ही आपली माहिती आमच्या सहयोगी संस्था, सेवापुरवठादार, व्यावसायिक भागीदार आणि गरजेनुसार अन्य पक्ष यांना देऊ शकतो, अशा अर्थाच्या वाक्यापाशी तिने मला थांबवले. "अरे, पण कोणाला?"

मी तो परिच्छेद पुन्हा वाचला. पुढचे दोन वाचले. उत्तर सापडले नाही. "'नाही'वर कर," आत्या म्हणाली. मी तसे केले. मग 'मी हे वाचले असून मला मान्य आहे' या चौकटीतही खूण केली. एका मिनिटात आम्ही दोन खोटी विधाने केली होती. त्यांतले पहिले तर शस्त्रक्रियेच्या टेबलावर महागात पडू शकले असते.

त्यानंतर मी असे मजकूर वाचायची सवयच लावून घेतली. विवाह जुळवणारी संकेतस्थळे, रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळा, औषधे घरपोच देणारी दुकाने, समुपदेशन देणाऱ्या संस्था. जिथे माणूस एरवी दार लावून सांगेल अशा गोष्टी चौकटीत भराव्या लागतात, तिथल्या या सूचना. त्यांच्याविषयी लिहितात ते बहुधा वकील किंवा संगणकतज्ज्ञ. पण सूचना हा अखेर मजकूर आहे. त्याला निवेदक आहे, वाचक आहे, शैली आहे. इतक्या लोकांनी मान्य केलेले आणि इतक्या थोड्यांनी वाचलेले दुसरे गद्य मला तरी माहीत नाही. म्हणून मजकूर म्हणूनच त्याची समीक्षा करावी, आणि कसोटी आत्याच्या प्रश्नाची लावावी, असा या लेखाचा हेतू आहे.

न वाचण्याची कारणे

पहिला आक्षेप ठरलेला असतो : लोक वाचतच नाहीत, त्याला मजकूर काय करणार? हे खरे आहे, पण अर्धेच. कार्नेगी मेलन विद्यापीठातील अलीशिया मॅकडोनाल्ड आणि लॉरी क्रेनर यांनी २००८ साली एक हिशेब मांडला. अमेरिकेतील सामान्य वापरकर्त्याने वर्षभरात भेट दिलेल्या प्रत्येक संकेतस्थळाची सूचना शब्दन् शब्द वाचायची ठरवली, तर त्याचे वर्षाला दोनशेहून अधिक तास त्यात जातील. तेही स्मार्टफोन हातोहाती पोचण्यापूर्वीच्या काळात.

दुसरा प्रयोग जोनाथन ओबार आणि ॲन ओल्डॉर्फ-हिर्श यांचा. त्यांनी एक खोटेच समाजमाध्यम उभे केले आणि ५४३ विद्यार्थ्यांना त्यावर नाव नोंदवायला सांगितले. ७४ टक्क्यांनी गोपनीयता धोरण न उघडता पुढची वाट धरली. सेवाशर्तींत मोबदला म्हणून पहिले अपत्य देण्याचे कलम घातलेले होते. बहुतेक साऱ्यांनी ते मान्य केले.

या प्रयोगावर लोक हसतात. मला त्यात हसण्यासारखे फारसे दिसत नाही. ज्या मजकुराला 'नाही' म्हटले की दारच बंद होते, आणि 'होय' म्हणण्याआधी एक शब्दही बदलून मागता येत नाही, तो न वाचणे हा आळस नाही, व्यवहारज्ञान आहे. वाचून जे हाती लागायचे ते हाती लागणार नाही, हे लोकांनी अनुभवाने ओळखले आहे. आत्या वाचायला तयार होती. मजकूरच तिला काही सांगायला तयार नव्हता.

दस्ताचा साचा

'वाचले, समजले, मान्य आहे' हे शब्द मराठी माणसाला नवे नाहीत. आपल्याकडे जमिनीच्या खरेदीखतात सुरुवातीलाच दोन पक्ष समोरासमोर बसवलेले असतात : लिहून देणार आणि लिहून घेणार. मग मिळकतीचे वर्णन येते. गट नंबर, क्षेत्र, आकार आणि चतुःसीमा : पूर्वेस अमक्याची जमीन, पश्चिमेस ओढा, दक्षिणेस रस्ता, उत्तरेस तमक्याचा गट. पुढे मोबदला. आणि शेवटी ते सुपरिचित शब्द : राजीखुशीने, अक्कलहुशारीने, वाचून, समजून, कोणाच्याही दडपणाखाली न येता. खाली साक्षीदार.

या भाषेची आपण थट्टा करतो. पण तिच्यातला प्रत्येक शब्द कोणत्या ना कोणत्या फसवणुकीनंतर घातला गेलेला आहे. सही न येणाऱ्याचा अंगठा घेताना मजकूर वाचून दाखवायची पद्धत आली, तीही त्यातूनच. प्रिव्ही कौन्सिलच्या काळापासून न्यायालयांनी पडदानशीन स्त्रियांच्या दस्तांबाबत एक नियम पाळला आणि पुढे तो निरक्षर व परावलंबी माणसांनाही लागू केला. ज्याला दस्ताचा फायदा, त्याने सिद्ध करावे की लिहून देणाऱ्याला मजकूर उमजला होता. नुसता कागद पुढे ठेवला होता, एवढे पुरत नाही.

गोपनीयता-सूचनेने या साच्यातला शेवट तेवढा उचलला आणि मधले सगळे गाळले. इथे मजकूर लिहितो तो माहिती घेणारा, आणि 'वाचले, समजले' म्हणून लिहून देतो तो माहितीचा धनी. लिहून घेणाऱ्याचे नाव कुठेतरी खाली असते, पण त्याच्या मागे उभ्या असलेल्या इतर घेणाऱ्यांची नावे नसतात. साक्षीदार नाही, वाचून दाखवणारा नाही. आणि चतुःसीमा तर नाहीच.

चतुःसीमा नसलेली मिळकत

या सूचनांच्या भाषेत काही लकबी इतक्या ठरीव आहेत की दोन-चार वाचल्यावर पाचवी डोळे मिटून लिहिता येईल.

पहिली लकब यादीची. 'यांसह, परंतु एवढ्यापुरतेच मर्यादित नव्हे' असे म्हणून नाव, पत्ता, आजार, उत्पन्न अशी रांग लावायची. रांग लांब असल्यामुळे सगळे सांगितल्याचा भास होतो, पण सुरुवातीच्या पाच शब्दांनी कुंपण आधीच पाडलेले असते. खरेदीखतात 'पूर्वेस ओढा, इत्यादी' असे लिहिले तर तलाठीसुद्धा कागद परत करील.

दुसरी लकब हेतूची. माहिती कशासाठी? 'सेवा सुधारण्यासाठी', 'आपला अनुभव अधिक चांगला करण्यासाठी'. ही वाक्ये खोटी आहेत असे म्हणता येत नाही, कारण ती खोटी ठरण्याची सोयच त्यांत नाही. आत्याच्या गोळीने कोणाचा कोणता अनुभव सुधारणार, हे विचारले की ती कोसळतात.

तिसरी लकब क्रियापदाची. इंग्रजी मसुद्यातला शक्यतादर्शक प्रयोग मराठीत 'देऊ शकतो' असा येतो. मराठीत 'शकणे' म्हणजे सामर्थ्य असणे. 'आम्ही आपली माहिती देऊ शकतो' हे वाक्य मूळ मसुद्यापेक्षा मराठीत अधिक प्रामाणिक झाले आहे असे मला कधी कधी वाटते : आमच्या हातात आहे, आम्ही देऊ. देता की नाही, हा प्रश्न मात्र तसाच राहतो.

चौथी आणि सगळ्यांत महत्त्वाची लकब नात्याच्या शब्दांची. भागीदार, सहयोगी, समूहातील संस्था. मराठीत भागीदार म्हणजे ज्याचे नाव दुकानाच्या पाटीवर असते, निदान बाजारपेठेला तरी माहीत असते. सूचनेतला भागीदार बिननावाचा असतो. तो जाहिरात दाखवणारी कंपनी असू शकतो, कर्ज देणारी असू शकतो, विमा विकणारी असू शकतो. त्याच्याशी तुमची ओळख करून दिली जात नाही. तुमची ओळख मात्र त्याला दिली जाते.

या चारही लकबी एकाच प्रश्नाभोवती घुटमळतात आणि त्याला बगल देतात. तो प्रश्न म्हणजे 'कोणाला?'

एक शब्द कसा गळाला

इथवरचा दोष कंपन्यांच्या वकिलांचा म्हणता येईल. पण सूचनेत काय असावे हे कायदा सांगतो, आणि आपल्या कायद्याचा गेल्या काही वर्षांचा प्रवास पाहिला तर एक चमत्कारिक गोष्ट दिसते.

भारतात या विषयावरचे पहिले तपशीलवार नियम आले २०११ साली, माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ४३-अ कलमाखाली. त्यांत 'संवेदनशील व्यक्तिगत माहिती'ची व्याख्या होती : पासवर्ड, बँक खाते व कार्डाचे तपशील, शारीरिक व मानसिक आरोग्य, लैंगिक कल, वैद्यकीय नोंदी, बायोमेट्रिक माहिती. संमती घ्यायची ती लेखी, पत्राने, फॅक्सने किंवा ईमेलने, असे नियमात होते. संकेतस्थळासाठी फॅक्स! त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सरकारला खुलासा काढून इतर इलेक्ट्रॉनिक मार्गांनी दिलेली संमतीही चालेल असे सांगावे लागले. नियम असे ओबडधोबड होते. पण त्यांतल्या पाचव्या नियमात एक सरळ अपेक्षा होती. माहिती घेतली जात आहे हे, ती कशासाठी हे, आणि ती कोणाकडे जाणार हेही देणाऱ्याला ठाऊक असले पाहिजे.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. त्याच सुमारास न्या. बी. एन. श्रीकृष्ण यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली होती. हे नाव मुंबईकरांना १९९२-९३च्या दंगलींच्या चौकशी आयोगामुळे परिचित आहे. समितीने जुलै २०१८ मध्ये अहवालाबरोबर विधेयकाचा मसुदा दिला. संवेदनशील माहितीच्या यादीत त्यांनी मोलाची भर घातली : जात किंवा जमात, धार्मिक व राजकीय श्रद्धा, लैंगिक जीवन, ट्रान्सजेंडर असणे, जनुकीय माहिती. जात ही भारतात संवेदनशील माहिती आहे, हे मसुद्याच्या भाषेत उतरले. आणि सूचनेत काय असावे याच्या यादीत, माहिती ज्यांना दिली जाऊ शकते त्या व्यक्ती वा संस्था आणि ती किती काळ ठेवणार, ही दोन्ही कलमे होती.

तो मसुदा बदलत गेला. २०१९ चे विधेयक ऑगस्ट २०२२ मध्ये मागे घेतले गेले, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायदा आला. तो आटोपशीर आहे, सोप्या भाषेत आहे, आणि व्यक्तीचा उल्लेख त्यात स्त्रीलिंगी सर्वनामाने केला आहे, हे त्याचे गुण मान्य केले पाहिजेत. पण दोन गोष्टी गळाल्या. संवेदनशील माहितीचा वेगळा वर्ग गेला. रक्तातली साखर, जात, मनाचा आजार आणि ईमेलचा पत्ता आता एकाच रांगेत उभे आहेत. (मोठ्या संस्थांवर अधिक जबाबदारी टाकताना माहितीची संवेदनशीलता सरकारने विचारात घ्यावी एवढाच उल्लेख उरला.) दुसरी गळती सूचनेतली. पाचव्या कलमाप्रमाणे सूचनेत सांगायचे ते इतके : कोणती माहिती, कोणत्या हेतूने, हक्क कसे बजावायचे, तक्रार कशी करायची. कोणाला देणार, हे नाही. किती काळ ठेवणार, हेही नाही.

नोव्हेंबर २०२५ मध्ये या कायद्याचे नियम अधिसूचित झाले. सूचनेविषयीचा नियम त्यानंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये, लागू व्हायचा आहे. त्यात चांगले बरेच आहे. सूचना इतर मजकुरापासून सुटी करून वाचली तरी समजावी, भाषा स्पष्ट आणि साधी असावी, घेतल्या जाणाऱ्या माहितीची बाबवार यादी असावी, संमती दिली तितक्याच सहजतेने मागे घेता यावी. चतुःसीमेची मागणी अशी अर्धी पुरी झाली. मिळकतीचे वर्णन आले, पण घेणाऱ्यांची नावे सक्तीची झाली नाहीत.

ती नावे मिळण्याची वाट कायद्यात आहे. अकराव्या कलमाखाली, आपली माहिती कोणाकोणाला दिली याची विचारणा करता येते. पण ही वाट संमती दिल्यानंतरची आहे. आत्याचा प्रश्न चौकट भरण्याआधीचा होता. लग्न झाल्यावर मुलाकडची माणसे कोण हे अर्ज करून विचारा, असे सांगण्यासारखे हे आहे.

युरोपात यापेक्षा बरे आहे, पण फार बरे नाही. मे २०१८ पासून लागू असलेल्या तिथल्या नियमावलीत आरोग्य, धर्म, लैंगिक जीवन यांना विशेष वर्गात ठेवले आहे. माहिती कोणाकडे जाणार आणि किती काळ राहणार हे सूचनेतच सांगावे लागते. मात्र घेणारे 'किंवा त्यांचे प्रकार' सांगितले तरी चालते, आणि त्या पळवाटेतून 'भागीदार' पुन्हा आत येतात. जानेवारी २०२३ मध्ये ऑस्ट्रियाच्या टपाल कंपनीच्या खटल्यात युरोपीय न्यायालयाने ठरवले, की नागरिकाने विचारणा केल्यावर नुसते प्रकार सांगून भागणार नाही, शक्य तिथे प्रत्यक्ष नावे द्यावी लागतील. पण तिथेही नाव मिळते ते विचारल्यावर.

नाव न सांगण्याची किंमत

'कोणाला?' हा प्रश्न केवळ शब्दांचा कीस नाही, हे अमेरिकेतील काही प्रकरणांवरून कळते. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने फेब्रुवारी २०२३ मध्ये गुडआरएक्स या औषधांवर सवलत मिळवून देणाऱ्या कंपनीवर कारवाई केली. आयोगाचे म्हणणे असे, की वापरकर्त्यांच्या आरोग्याची माहिती जाहिरातदारांना देणार नाही असे वचन देऊन कंपनीने ती फेसबुक, गूगल यांसारख्या कंपन्यांना दिली. पंधरा लाख डॉलर दंडावर प्रकरण मिटले. पुढच्याच महिन्यात बेटरहेल्प या ऑनलाइन समुपदेशन देणाऱ्या कंपनीचे प्रकरण आले. समुपदेशक मिळण्याआधी तिथे एक प्रश्नावली भरावी लागे : नैराश्य आहे का, आत्महत्येचे विचार येतात का, पूर्वी उपचार घेतले आहेत का. उत्तरे खासगी राहतील असा दिलासा तिथेच दिलेला असे. आयोगाच्या तक्रारीनुसार ईमेल पत्ते आणि प्रश्नावलीतील माहिती फेसबुक, स्नॅपचॅट, पिंटरेस्ट यांच्यापर्यंत जाहिरातीसाठी पोचली. ७८ लाख डॉलर भरायचे ठरले. दोन्ही कंपन्यांनी आपली चूक मान्य केली नाही, हेही नोंदवायला हवे.

या प्रकरणांत मला लक्षणीय वाटते ते हे. दिलासा देणारे वाक्य प्रश्नाच्या शेजारी, ठळक आणि मायेच्या भाषेत होते. अपवाद आणि शक्यता होत्या दूरच्या लांब मजकुरात, कोरड्या भाषेत. म्हणजे सोपे कसे लिहावे हे या मंडळींना चांगले कळते. फक्त ते कुठे वापरायचे याची निवड ठरलेली असते.

याहून जुने उदाहरण ॲशली मॅडिसनचे. विवाहबाह्य संबंधांसाठीचे हे संकेतस्थळ. २०१५ साली त्याची माहिती चोरून उघड्यावर टाकली गेली. सुमारे ३ कोटी ६० लाख खाती त्यात होती. खाते पूर्ण पुसून देण्यासाठी संकेतस्थळ १९ डॉलर घेत असे. पैसे भरलेल्यांची माहितीही पुसली गेली नव्हती, असे दिसून आले. कॅनडा आणि ऑस्ट्रेलियाच्या आयुक्तांनी केलेल्या चौकशीत मुखपृष्ठावरचे सुरक्षेचे बोधचिन्ह बनावट असल्याचेही निष्पन्न झाले. त्या संकेतस्थळाच्या व्यवसायाविषयी कोणाचे काहीही मत असो. तिथे लिहिलेले गुपित आणि आत्याचे गुपित यांत माहितीशास्त्राच्या दृष्टीने फरक नाही. दोन्ही एका चौकटीत भरलेली, कोणाच्या तरी शब्दावर विसंबून.

आपल्याकडच्या विवाहस्थळांकडे या नजरेने पाहावे. जात, पोटजात, गोत्र, उत्पन्न, उंची, अपंगत्व, घटस्फोट, पत्रिका. जगात फार थोड्या ठिकाणी माणूस स्वतःविषयी इतके एका पानावर लिहून देतो. पूर्वी हेच वधूवरसूचक मंडळाच्या वहीत लिहिले जाई. पण ती वही कोणाच्या घरी असते आणि कोण चाळते, हे गावाला माहीत असे. शिवाय नव्या कायद्यात, व्यक्तीने स्वतःहून सार्वजनिक केलेल्या माहितीला संरक्षण लागू नाही. विवाहस्थळावर सभासदांना दिसणारी माहिती 'सार्वजनिक' की नाही, हा प्रश्न उद्या कोणीतरी मंडळापुढे नेईल. निदान तोवर मुलीच्या बापाला हे पान कोणाकोणाला दिसणार आहे, ते साध्या वाक्यात कळायला हवे.

मराठीतली सूचना

नव्या कायद्याने सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतील बावीस भाषांपैकी कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय द्यायला सांगितले आहे. म्हणजे लवकरच मराठीत अशा मजकुरांचा पूर येईल. त्याची चिंता आत्ताच करायला हवी, कारण भाषांतराने धूसरपणा जात नाही, दुप्पट होतो. 'तृतीय पक्ष', 'प्रक्रियाकार', 'आपल्या डेटावर प्रक्रिया करण्यात येईल' ही मराठी अक्षरांतली इंग्रजी आहे. 'करण्यात येईल' या कर्मणी प्रयोगात करणारा आयताच नाहीसा होतो. करणार कोण, हे सांगायचे नसले की हा प्रयोग फार उपयोगी.

शीर्षकाचाच शब्द पाहा. आपण 'गोपनीयता धोरण' म्हणतो. गोपनीयता हा शब्द मराठी कानाला परिचित झाला तो मंत्र्यांच्या शपथेमुळे : पदाची आणि गोपनीयतेची. तिथे त्याचा अर्थ 'मी बोलणार नाही' असा आहे. सूचनेत मात्र बराचसा मजकूर आम्ही कोणाकोणाशी बोलू शकतो याचा असतो. शीर्षक वचन देते आणि मजकूर ते काढून घेतो. हा गैरसमज केवळ मराठीतला नाही. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील जोसेफ टुरो यांच्या २००३ सालच्या पाहणीत ५७ टक्के अमेरिकी वापरकर्त्यांना वाटत होते, की संकेतस्थळावर असे धोरण आहे म्हणजे ते आपली माहिती इतरांना देणार नाही. मराठी शब्दाने हा गैरसमज अधिकच घट्ट होतो. 'तुमच्या माहितीचे आम्ही काय करतो' असे शीर्षक दिले तर निदान फसवणूक पहिल्या ओळीपासून सुरू होणार नाही.

कायद्याने माहिती घेणाऱ्याला दिलेल्या इंग्रजी नावात विश्वस्तपणाची कल्पना आहे. श्रीकृष्ण समितीने ती जाणीवपूर्वक स्वीकारली : डॉक्टर, वकील यांच्यावर जशी विश्वासाची जबाबदारी असते, तशी यांच्यावरही. मग सूचनेचा आवाज विश्वस्ताचा हवा. आज तो प्रतिवादीचा आहे, उद्याच्या खटल्यात उपयोगी पडेल असे आज बोलून ठेवणारा.

तीन हरकती

मी हे एका वकील मित्राला बोलून दाखवले. त्याच्या तीन हरकती होत्या.

एक : घेणाऱ्यांची यादी मोठी असते आणि बदलते. सगळी नावे कशी लिहिणार? माझे उत्तर असे, की यादी लिहिता येणार नाही इतकी मोठी असेल, तर रुग्णाला आधी तेच कळायला हवे. दोन : लांबी वाढली की लोक आणखी वाचणार नाहीत. हे खरे आहे, पण मी लांबी वाढवायला सांगत नाही. जागा बदलायला सांगतो आहे. सगळी सूचना शेवटच्या चौकटीपाशी नको. जो प्रश्न जिव्हारी लागणारा आहे, त्याच्याच खाली दोन ओळी हव्यात. तीन : संमती खरी की खोटी हे ठरवताना न्यायाधिकरण पाहील ते सूचना दिली होती की नाही एवढे.

तिसऱ्या हरकतीत सगळे सार आहे. नव्या कायद्याच्या सहाव्या कलमाने वाद झाल्यास सिद्धतेचा भार माहिती घेणाऱ्यावर टाकला आहे, ही मोठी गोष्ट आहे. त्याने सूचना दिल्याचे आणि संमती कायद्याप्रमाणे घेतल्याचे दाखवले पाहिजे. संमती 'माहितीपूर्ण' असावी असेही कायदा म्हणतो. आता त्या शब्दाचा अर्थ किती ताणायचा, हे मंडळाच्या आणि न्यायालयांच्या हाती आहे. पडदानशीन स्त्रीच्या दस्ताला जो नियम लावला, तो इथेही लावता येईल : कागद पुढे ठेवला होता का एवढे विचारू नका, उमजला होता का ते विचारा. पडद्याआड बसलेली ती बाई आणि पडद्यासमोर बसलेली माझी आत्या यांची स्थिती फारशी वेगळी नाही. दोघींपुढे दुसऱ्याने लिहिलेला कागद आहे, आणि दोघींना 'कोणाला?' हे कळल्याशिवाय अंगठा उठवायचा आहे.

आत्याची शस्त्रक्रिया पार पडली. आदल्या दिवशी भूलतज्ज्ञ तपासायला आल्या, तिशीतल्या असतील. त्यांनी मला बाहेर जायला सांगितले आणि दार लावून घेतले. आत काय बोलणे झाले ते आत्याने मला घरी आल्यावर सांगितले. रात्रीची गोळी तिने त्यांना सांगून टाकली होती. मी विचारले, "संकेतस्थळावर 'नाही' म्हणालीस, मग त्यांना कसं सांगितलंस?"

"त्यांनी आधीच सांगितलं ना," आत्या म्हणाली. "म्हणाल्या, आजी, हे मला आणि ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांना कळेल, आणि गोळीचं नाव कागदावर लिहावं लागेल, तो कागद नर्स बघते. बाकी कोणाला नाही."

यात कोण आहे, किती आहे, आणि कोणती गोष्ट लपवता येणार नाही हेही आहे. हे वाक्य चौकटीखाली लिहायला किती जागा लागली असती, ते मी नंतर मोजून पाहिले. दोन ओळी.